न वाजलेल्या घंटेचे ठसे

१

अंबडच्या एमआयडीसीत पोचल्यावर संपदा गायधनी आधी चहा घेत नसे. आधी आदल्या संध्याकाळी रंगवून ठेवलेली चिप वाचत असे. कंपनी म्हणजे पत्र्याचा एक गाळा. मागे सोल्डरिंगची टेबलं, पुढे मालक हर्षलची काचेची केबिन, आणि मध्ये जिथे पंख्याचं वारं पोचत नाही तिथे संपदाचं टेबल. द्राक्षं निर्यातीआधी थंड करायच्या खोल्या असतात, त्यांचे कंट्रोलर इथे बनत. तापमान बघायचं, कॉम्प्रेसर चालू-बंद करायचा, आत कोणी अडकलं तर घंटा वाजवायची, एवढं त्यांचं काम. त्याचा प्रोग्रॅम संपदा सी भाषेत लिहायची. चिप नखाएवढी आणि तिची मेमरी इतकी तुटपुंजी, की कॉलेजातून आलेली पोरं आकडा ऐकून हसायची. हसू देत. त्यांच्या मोबाइलमध्ये गावजेवण चालतं, इथे एका डब्यात सगळं घर जेवतं.

त्या मेमरीत खालच्या बाजूला प्रोग्रॅमची माहिती बसलेली असते आणि वरून खाली स्टॅक उतरत येतो. एका कामाने दुसरं काम बोलावलं, की परत कुठे यायचं तो पत्ता आणि हातातलं सामान स्टॅकवर ठेवायचं. काम झालं की उचलायचं. कामातून काम निघत गेलं की स्टॅक आणखी खाली येतो, आणि एकदा का त्याचा पाय खालच्या माहितीवर पडला की कंट्रोलरला भ्रम होतो. पण तो किती खाली आला हे चालताना दिसत नाही. म्हणून संपदा संध्याकाळी निघताना मधली सगळी रिकामी जागा एकाच आकड्याने भरून टाकायची. याला ती रंगवणं म्हणे. रात्रभर प्रोग्रॅम चालू ठेवायचा आणि सकाळी बघायचं, रंग कुठवर खरवडला गेलाय.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी रंग वरच्या बाजूने खरवडलेला होता, जेवढा असायला हवा तेवढाच. त्याखाली अखंड रंग. संपदा वाचन बंद करणार, तेवढ्यात तिला बरंच खाली काहीतरी दिसलं. एक डाग. डागाच्या वर रंग शाबूत, खालीही शाबूत. स्टॅक जिन्यासारखा उतरतो. वरच्या पायऱ्यांना पाय न लावता मधल्याच पायरीवर कोणी उभं राहत नाही.

"चिप खराब दिसतेय," ती स्वतःशीच म्हणाली, आणि मोठ्याने म्हणाली म्हणून स्वतःवरच चिडली. तिने पुन्हा रंगवलं, प्रोग्रॅम सुरू केला आणि चहाला गेली. परत आली तेव्हा डाग होता तिथेच होता.

२

संपदाचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. तिचा विश्वास होता तो माणसांच्या गाढवपणावर, आणि चूक शोधताना तोच उपयोगी पडतो. आपल्याच कोडमधून एखादी ओळ भलत्या जागी लिहीत असेल, म्हणून तिने सगळा कोड चाळला. बाहेरून विजेचा त्रास होत असेल, म्हणून घंटेच्या बटणाची पिन जमिनीच्या तारेला नीट बांधली. तिच्या टेबलावरच्या बोर्डाला बटण जोडलेलंच नव्हतं, पण उघडी पिन कधीकधी हवेतलंही ऐकते. तरी डाग आला. मग तिने पाकिटातून कोरी चिप काढली, स्वतःच्या हाताने बसवली, रंगवली. जेवणाच्या सुट्टीनंतर वाचली, तर कोऱ्या चिपवरही डाग.

मेमरी वाचताना पडद्यावर डावीकडे आकडे येतात, आणि त्या आकड्यांची अक्षरं होत असतील तर उजवीकडे ती दिसतात. उजवीकडे बघायची तिला कधी गरज पडत नसे, तिथे नुसती टिंबं असतात. आता तिने बघितलं. टिंबांच्या मधोमध रोमन लिपीत लिहिलं होतं: खोली तीन. आत माणूस आहे.

तिने ते पुन्हा एकदा वाचलं. हे वाक्य तिने लिहिलेलं नव्हतं. तिच्या प्रोग्रॅममध्ये ते कुठेच नव्हतं, तिने मुद्दाम शोधून पाहिलं. ती उठली आणि दार न वाजवता हर्षलच्या केबिनमध्ये शिरली. दोघं एका वर्गातली होती, त्यामुळे साहेब-बिहेब प्रकार नव्हता.

"आत माणूस आहे, हा मेसेज कुणाचा?"

हर्षलने लॅपटॉपवरून मान वर केली. "माझा. जुन्या व्हर्जनमधला. का गं?"

"जुन्या म्हणजे निफाडच्या पॅकहाउसला चालू आहे त्या?"

"हो. आतून बटण दाबलं की घंटा वाजायची आणि मॅनेजरला नि मला मेसेज जायचा. पण त्याने गोंधळ झाला. मेसेज जुळवायला मी घंटेच्या फंक्शनमध्येच मोठा ॲरे घेतला होता."

संपदाने कपाळावर हात मारला. घंटेचं फंक्शन म्हणजे हातातलं काम टाकून धावणारा माणूस. हर्षलने त्याला धावता धावता स्टॅकवरच ऐसपैस पाट मांडून पत्र लिहायला बसवलं होतं. इतकी जागा स्टॅकवर होती कुठे? "मग स्टॅक खालच्या माहितीवर चढला असणार."

"चढला ना. बटण दाबून बघितलं की तापमानाचे आकडे बिघडायचे आणि कॉम्प्रेसर ट्रिप व्हायचा. हंगाम तोंडावर आला होता. मग मी ती ओळ बंद केली."

"बंद केली म्हणजे?"

"दोन तिरक्या रेघा मारल्या पुढे, म्हणजे ती ओळ चालतच नाही. अजून काय?"

"भिंतीवर बटण आहे?"

"आहे."

"आणि कोणी दाबलं तर?"

"अगं, दाराला आतून कडी आहे. बटण कोण दाबतंय! नवीन व्हर्जन तू करतेयस ना? हंगाम संपला की चढवू. माल युरोपला चाललाय, आत्ता बोर्डाला हात लावायचा नाही."

संपदाला इतका राग आला की पडद्यावरच्या अक्षरांची भीती काही वेळ विसरूनच गेली. ती म्हणाली, "उद्या तूच तीन नंबरमध्ये जाऊन बस, मी बाहेरून दार लावते." हर्षल हसला. मग तिने त्याला टेबलाशी नेऊन अक्षरं दाखवली, तेव्हा त्याचं हसू जरा ओसरलं. "जुनी चिप असेल," तो म्हणाला. कोरी आहे म्हटल्यावर म्हणाला, "मग चुकून तूच टाइप केलं असशील," आणि फोन आल्यासारखं करून केबिनमध्ये गेला.

३

संपदाचे वडील वेणीमाधव गायधनी रामकुंडावर यजमानांचे विधी सांगत. पंचवटीतल्या त्यांच्या घरी रोज संध्याकाळी कोणाकोणाच्या मरणाची चौकशी चाले, आणि तीही आमटी वाढता वाढता. त्या घरात मृत्यूला कोणी फारसं घाबरत नसे.

"अण्णा," संपदाने ताटावर बसल्या बसल्या विचारलं, "ते पिठावर पाऊल बघतात, ते खरंच उमटतं का हो?"

माणूस जिथे गेला तिथे पीठ पसरतात, दिवा ठेवतात, वर टोपली झाकतात. पुढे टोपली उचलून पिठावर कसलं पाऊल आहे ते बघतात, म्हणजे गेलेला कुठल्या जन्माला गेला ते कळतं म्हणे. संपदाचं रंगवणं ऐकल्यापासून अण्णा तिला चिडवत, की लेकीने बापाचाच धंदा उचलला, फक्त पीठ महागातलं वापरते.

"उमटतं की," अण्णा म्हणाले. "चिमणीचं, गायीचं, ज्याला जे दिसायचं ते दिसतं. बहुतेक वेळा झुरळ असतं."

"मग यजमानांना सांगत का नाही?"

"अगं, झुरळ असलं तरी आलं होतं ना? कोणीतरी आलं होतं, एवढं तर खरं. मी कशाला खोडून काढू?"

"माझ्या पिठावर अक्षरं उमटलीत."

"काय म्हणतात?"

"आत माणूस आहे, म्हणतात. निफाडच्या एका थंड खोलीत. तिथली घंटा बंद करून ठेवलीय आमच्या मालकाने."

अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला. आणि ते चक्क ओरडले, "मग इथे जेवत काय बसलीस?"

संपदाने उष्ट्या हातानेच निफाडला फोन लावला. तिथला मॅनेजर कोंडाजी साधा माणूस, सगळ्यांना धरून असणारा. तो फोन चालू ठेवूनच तीन नंबरच्या खोलीकडे गेला. दार उघडल्याचा आवाज तिला ऐकू आला, मग पंख्यांची घरघर.

"कोणी नाय मॅडम," तो म्हणाला. "नुसत्या पेट्या हायत. बाया मघाशीच राहायच्या कोपीवर गेल्या, मी मोजून सोडल्या. का वो?"

"ती आतली घंटा वाजते का कधी?"

"घंटा? कधीच नाय वाजली. बरंच हाय की, कोणी अडकलंच नाय."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी संपदाने उभ्या उभ्याच चिप वाचली. एक डाग असेल अशी तिची अपेक्षा होती. नसेल तर बरंच, असंही तिला वाटत होतं.

रंग कुठे उरलाच नव्हता. वरपासून खालपर्यंत, ओळीमागून ओळ, एकच वाक्य लिहिलेलं होतं. खोली तीन आत माणूस आहे खोली तीन आत माणूस आहे. मध्ये फटसुद्धा नव्हती. खालच्या माहितीच्या अगदी काठाशी शेवटचं वाक्य अर्धवट तुटलं होतं, जागा संपली म्हणून. इतकी मेमरी पुसली गेल्यावर कंट्रोलर केव्हाच कोसळायला हवा होता. पण टेबलावर तो मजेत चालला होता, हिरवा दिवा नेमाने मिचकावत होता.

संपदाने खुर्ची ओढली आणि बसली. तिची बुद्धी अजून वाद घालत होती. कोणीतरी चेष्टा करतंय. तार लावून कोणी काही चढवलंय. असेलही. पण तिला एकाएकी स्वच्छ कळलं, की उत्तर काही का असेना, त्याने तिच्या पुढच्या कामात काडीचाही फरक पडत नाही. अक्षरं खोटी असली तरी निफाडच्या भिंतीवरचं बटण मेलेलं आहे हे खरं होतं, आणि त्या खोलीत बाया रोज जात होत्या हेही खरं.

तिने नवा प्रोग्रॅम लॅपटॉपवर घेतला आणि हर्षलचा जुना मेसेज त्यात घातला. त्यात घंटेचं फंक्शन स्टॅकवर काही मांडत नव्हतं. बटण दाबलं की नुसती एक खूण वर करायची आणि बाजूला व्हायचं. घंटा, मेसेज, बाकी सगळं मुख्य प्रोग्रॅम सवडीने बघून घेई. तिने केबल पर्समध्ये टाकली आणि हर्षलच्या काचेसमोरून निघाली.

"कुठे?" हर्षल बाहेर आला.

"निफाड."

"संपदा, मी नाही म्हटलंय. काही बिघडलं तर त्या माणसाचा सगळा हंगाम जाईल. आणि माझी कंपनीही."

"आणि न बिघडता एखादी बाई गेली तर?"

"आजवर कोणी गेलंय का?"

"तुला कसं कळलं असतं? तू घंटा बंद करून बसलायस."

हर्षलचा चेहरा उतरला, पण मालकपणा काही उतरला नाही. "गेलीस तर उद्यापासून येऊ नकोस," तो म्हणाला. संपदाने स्कूटरला किक मारली. ती एका किकमध्ये कधीच सुरू होत नसे, तशी आजही झाली नाही. त्यामुळे निघणं म्हणावं तेवढं तोऱ्यात झालं नाही.

५

चांदोरी ओलांडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा लागतात. पॅकहाउस बागांच्या मध्येच होतं. सुरगाण्याकडून हंगामापुरत्या आलेल्या बाया लांब टेबलांशी घड निवडत होत्या, खराब मणी कात्रीने काढत होत्या. कोंडाजीने संपदाला पाणी दिलं आणि मालक दिंडोरीला गेलेत म्हणून सांगितलं. तिला ते बरंच वाटलं.

तीन नंबरच्या खोलीबाहेरच्या पॅनेलला तिने लॅपटॉप जोडला. प्रोग्रॅम चढवायला चहा पिण्याइतकाही वेळ लागला नाही. मग तिने चिपला कुलूप घातलं, म्हणजे तिच्याशिवाय कोणाला तो बदलता येणार नाही. कॉम्प्रेसर क्षणभर थांबला, पुन्हा सुरू झाला. तापमान होतं तिथेच राहिलं. संपदाने मनातल्या मनात हर्षलला एक शिवी हासडली.

"आता आत जाऊन बटण दाबते," ती म्हणाली. "घंटा वाजली की उघडा."

"चतुराबाईला पाठवतो की," कोंडाजी म्हणाला. "तीच जाती रोज. मण्यात सुई टोचून थंडी बघाया."

चतुराबाई पुढे आली. डोक्याला घट्ट फडकं, अंगात लुगड्यावरून पुरुषी स्वेटर. संपदा म्हणाली, "नको, मीच जाते. चतुराबाई, ती आतली कडी नीट उघडते का हो?"

"कधी उघडते, कधी नाय," चतुराबाई म्हणाली. "बरफ धरला का हात घसरतो. मंग खांदा लावायचा."

"मग बटण का नाही दाबत?"

"ती वाजत नाय ना, ताई. कशाला दाबायची? आमच्यातली कोणीच नाय दाबत."

जाड प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा बाजूला सारून संपदा आत गेली आणि मागे दार बंद झालं. कानात पंख्यांची घरघर भरली. पेट्यांच्या थप्प्या छतापर्यंत होत्या, द्राक्षं टिकावीत म्हणून त्यांत घातलेल्या गंधकाच्या कागदाचा वास नाकाला झोंबत होता. दिवा होता, पण त्याचा उजेड थप्प्यांच्या पलीकडे पोचत नव्हता. ती तिकडे बघायचं टाळत होती, हे तिच्या लक्षात आलं आणि तिने मुद्दाम मान वळवून पाहिलं. काही नव्हतं. पेट्या होत्या.

बटण दाराशेजारी होतं. लाल प्लास्टिकचं, मोठं, गेल्या हंगामाआधीच बसवलेलं. त्याचा मधला लाल रंग पार गेला होता. बोटाच्या जागी पांढरा खळगा पडला होता, जुन्या देवळाच्या उंबऱ्याला पडतो तसा. कोणीच दाबत नाही असं चतुराबाई आत्ताच म्हणाली होती, आणि खोटं बोलायचं तिला काही कारण नव्हतं.

संपदा घाबरली. धूम पळावं असं तिला वाटलं. त्याऐवजी तिने त्याच खळग्यात आपलं बोट ठेवलं आणि दाबलं. बाहेर घंटा खणखणली, पाठोपाठ दांडा सरकला आणि दार उघडलं. उजेडात बाया टेबलं सोडून उभ्या होत्या, आणि कोंडाजी लहान मुलासारखा हसत होता.

"लय मोठा आवाज हाय की वो मॅडम!"

६

जेवणाची सुट्टी झाली. खोल्यांच्या समोरच्या सावलीत बाया फडकी पसरून बसल्या. चतुराबाईने संपदाला नागलीची भाकरी आणि लसणाची चटणी दिली. कोंडाजी उभ्यानेच खात होता. तीन नंबरचं दार बंद होतं.

घंटा वाजली.

कोंडाजीने बोटाने बाया मोजल्या, पुन्हा मोजल्या. "मॅडम," तो हळूच म्हणाला, "सगळ्या हितंच हायत."

संपदाचा फोन वाजला. पलीकडे हर्षल होता. "मघाचा मेसेज तुझ्या टेस्टचा समजलो, आता पुन्हा आलाय. तीन नंबरमध्ये आत माणूस आहे म्हणून. कोण आहे आत?"

"कोणी नाही. सगळे माझ्यासमोर जेवतायत."

"मग फॉल्स ट्रिगर आहे, उगाच वाजतेय. म्हणालो नव्हतो मी? बंद कर ती ओळ, आत्ताच्या आत्ता. दार सारखं उघडलं तर माल तापेल."

घंटा वाजतच होती. संपदाने पॅनेलकडे पाहिलं. लॅपटॉप जोडलेलाच होता. दोन तिरक्या रेघा मारायच्या, पुन्हा चढवायचं, आणि उद्या कामावर जायचं. कुणाला काही कळलंही नसतं. त्या दाराजवळ जायची तिची मुळीच इच्छा नव्हती.

"नाही," ती म्हणाली.

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे. चिपला मी कुलूप घातलंय. घंटा काढायची असेल तर सगळा प्रोग्रॅम पुसावा लागेल, मग तुझी खोलीही बंद. कोंडाजीभाऊ, दार उघडा."

"आत कोणी नाय, मॅडम."

"घंटा वाजली की उघडायचं. आत कोण आहे ते नंतर बघायचं."

कोंडाजीने दांडा ओढला. धुकं पायाशी सांडलं. पट्ट्यांचा पडदा स्थिर लोंबत होता, मागे पेट्या होत्या, माणूस नव्हता. घंटा थांबली. कोंडाजीने सुटकेचा श्वास सोडला आणि तो दार लावणार, एवढ्यात पडद्याच्या मधल्या दोन पट्ट्या खांद्याइतक्या उंचीवर बाहेरच्या बाजूला उचलल्या गेल्या. वाऱ्याने हलतात तशा त्या हलल्या नाहीत. एक माणूस निघून जायला लागतो तेवढा वेळ त्या तशाच तिरक्या राहिल्या, आणि मग फटकन खाली आल्या. चतुराबाईने आपली भाकरी उचलली आणि बाजूला सरकून वाट करून दिली.

कोंडाजीने दार लोटलं. त्याच्या हातातलं कालवण शर्टावर सांडलं होतं. फोनमधून हर्षल विचारत होता, "झालं का बंद? संपदा, बंद झाली का?"

घंटा पुन्हा वाजली.

कोंडाजीने संपदाकडे पाहिलं. तो नाही म्हणेल असं तिला वाटलं, आणि तसं झालं असतं तर ती स्वतः दांड्याला लटकली असती. "उघडा," ती म्हणाली. "जितक्या वेळा वाजेल तितक्या वेळा उघडा."

त्याने दांडा ओढला. या वेळी पट्ट्या एका जागी उचलल्या गेल्या नाहीत. पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बाहेर फुगला. चतुराबाई फडकं गोळा करत उठली आणि मागच्या बायांना म्हणाली, "सरका गं सगळ्या. लय जणी हायत."